चार्ज न होणारी बॅटरी : लॅपटॉपच्या विद्युत्घटाच्या दोषनिदानाचा इतिहास

प्रस्तावना

२००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टा आणि २००९ मधील विंडोज ७ या संगणकप्रणालींमुळे लॅपटॉपच्या पडद्याच्या कोपऱ्यातील एक छोटी सूचना सर्वांच्या परिचयाची झाली. वीजजोडणी आहे, परंतु चार्जिंग होत नाही, एवढाच तिचा आशय. ही सूचना वाचणाऱ्याचा पहिला निष्कर्ष सहसा 'बॅटरी गेली' असा असतो आणि पुढची पायरी म्हणजे नव्या बॅटरीचा खर्च. वस्तुतः सूचनेतील दोन अर्धवाक्यांमध्ये जे अंतर आहे, त्यात विद्युत्घटांचा दीडशे वर्षांहून अधिक काळचा इतिहास सामावलेला आहे. वीज दारापर्यंत आली आहे आणि आत कोणीतरी ती घेण्यास नकार देत आहे. हा नकार कोण देतो, तो केव्हापासून देऊ लागला आणि त्याची कारणे समजून घेण्याची साधने वापरणाऱ्याच्या हातून कशी गेली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. जुन्या काळी चार्ज न होणे हा बॅटरीचा रोग होता. आज पुष्कळदा तो तिचा निर्णय असतो. हा फरक लक्षात न घेता केलेले दोषनिदान बहुधा चुकते.

उघड्या घटाचा काळ

पुन्हा चार्ज करता येईल असा पहिला व्यवहार्य घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केला. शिशाचे पत्रे आणि सौम्य गंधकाम्ल एवढीच त्याची सामग्री. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी शिशाच्या संयुगाचा लेप दिलेल्या पट्ट्या वापरून त्याची धारिता वाढविली आणि शिसे-अम्ल संचायक कारखान्यात तयार होऊ लागला. मोटारीत आणि घरगुती इन्व्हर्टरमध्ये आजही हाच घट भेटतो.

दोषनिदानाच्या दृष्टीने या घटाचे वैशिष्ट्य असे की, त्याची प्रकृती डोळ्यांना दिसत असे. झाकणे उघडून द्रवाची पातळी पाहता येई, कमी असल्यास ऊर्ध्वपातित पाणी घालता येई आणि हायड्रोमीटरने द्रवाचे विशिष्ट गुरुत्व मोजले की घट कितपत भरला आहे ते कळे. पूर्ण चार्ज घटात ते १.२८ च्या आसपास असते आणि घट रिकामा होत जाईल तसे ते उतरत जाते. सहा कप्प्यांपैकी एकाचेच गुरुत्व इतरांहून बरेच कमी असेल, तर दोष नेमका कोठे आहे हेही समजे. दीर्घकाळ रिकाम्या राहिलेल्या घटाच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात व त्यामुळे तो वीज घेईनासा होतो, हे मोटारदुरुस्तीच्या कोणत्याही दुकानातील कारागिराला पुस्तक न वाचता ठाऊक होते. या काळातील बॅटरी चार्ज होत नसे ती तिच्या रसायनाने साथ सोडल्यामुळे. तिच्यात नकार देणारी दुसरी कोणतीही यंत्रणा नव्हती.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या शतकाच्या पहिल्या दशकातील भारनियमनाने ही विद्या घरोघरी नेली. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालण्याचे काम घरातील कोणा एकाकडे असे आणि तिचा उतरता काळ त्याला पंख्याच्या वेगावरून ओळखता येई. त्याच घरात आलेला लॅपटॉप मात्र या अनुभवाला दाद देत नव्हता.

निकेलचा घट आणि 'स्मृती'ची समजूत

स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घटाचा शोध लावला. तो पूर्ण बंदिस्त करण्याची युक्ती १९४७ च्या सुमारास साधली आणि हातात नेता येणाऱ्या उपकरणांचा मार्ग मोकळा झाला. १९८१ मधील ऑस्बॉर्न-१ हा 'वाहून नेण्याजोगा' संगणक सुमारे ११ किलो वजनाचा होता व त्याला अंगची बॅटरीच नव्हती. भिंतीतील वीज नसेल तेथे त्याचा उपयोग शून्य. त्याच सुमारास आलेल्या एप्सनच्या एचएक्स-२० मध्ये मात्र निकेल-कॅडमियम घट होते आणि वहीच्या आकाराचे ते यंत्र एका चार्जवर सुमारे ५० तास चालत असे. अर्थात त्याचा पडदा चार ओळींचा होता, हे विसरून चालणार नाही.

निकेल-कॅडमियमने एक समजूत मागे ठेवली आणि ती तिच्या जन्मदात्या घटापेक्षा दीर्घायुषी ठरली. उपग्रहांत दर प्रदक्षिणेला ठरावीक मर्यादेपर्यंतच रिकामे होणारे घट पुढे त्या मर्यादेपलीकडे पुरेसा विद्युत्दाब देईनासे होतात, असे दिसून आले होते. या गुणधर्मास 'स्मृती-परिणाम' असे नाव मिळाले. त्यावरचा उपाय म्हणजे घट अधूनमधून पूर्ण रिकामा करून पुन्हा भरणे. उपकरणांच्या माहितीपत्रकांतून आणि दुकानदारांच्या तोंडून हा सल्ला सर्वत्र पोहोचला. १९९० च्या सुमारास आलेल्या निकेल-धातुहायड्राइड घटांनाही तो काही प्रमाणात लागू होता. परंतु लिथियम-आयन घटांना तो लागू नाही. उलट वारंवार पूर्ण रिकामे होणे त्यांना अपायकारक असते. तरीही नवा लॅपटॉप घरी आणल्यावर 'पहिल्यांदा आठ तास चार्ज करा आणि मग पूर्ण उतरू द्या' हा उपदेश आजही ऐकू येतो. रसायन बदलले तरी त्याविषयीचे शहाणपण बदलले नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. जो लॅपटॉप मुद्दाम शून्यावर आणून तसाच कपाटात ठेवला जातो, त्याची बॅटरी महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज न होण्याची शक्यता या उपदेशामुळेच वाढते. त्याचे कारण पुढील भागात येते.

लिथियम : अपघातांतून जन्मलेला नकार

लिथियम हा सर्वांत हलका धातू. इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकण्याच्या त्याच्या वृत्तीमुळे तो घटासाठी आदर्श व तितकाच धोकादायक. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत लिथियम धातू व टायटॅनियम डायसल्फाइड यांचा पुन्हा चार्ज होणारा घट तयार केला. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र सुचविले आणि घटाचा विद्युत्दाब चार व्होल्टच्या घरात नेला. १९८५ मध्ये जपानमधील अकिरा योशिनो यांनी लिथियम धातू पूर्णपणे काढून टाकून त्याच्या जागी कार्बनी द्रव्य योजले व लिथियम केवळ आयनांच्या रूपात ठेवले. पुढच्याच वर्षी त्यांनी या घटावर लोखंडाचा जड तुकडा टाकून पाहिला. घट शांत राहिला. लिथियम धातू असलेल्या घटाचा त्याच परीक्षेत स्फोट झाला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

योशिनो यांची सावधगिरी अनाठायी नव्हती. कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीने लिथियम धातूचे घट बाजारात आणले होते. १९८९ मध्ये जपानमध्ये अशा घटावर चालणाऱ्या भ्रमणध्वनीला आग लागली, घट परत मागवावे लागले आणि कंपनी आर्थिक संकटात सापडली. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन घटाची विक्री सुरू केली ती या पार्श्वभूमीवर. तरीही अपघात थांबले नाहीत. १९९५ मध्ये अ‍ॅपलने पॉवरबुक ५३०० या लॅपटॉपमधील लिथियम-आयन बॅटरी आगीच्या घटनांनंतर मागे घेऊन निकेल-धातुहायड्राइड बॅटरी बसविली. २००६ च्या ऑगस्टमध्ये डेलने सुमारे ४१ लक्ष आणि अ‍ॅपलने सुमारे १८ लक्ष बॅटऱ्या परत मागविल्या. त्यांतील घट सोनीचे होते, आणि निर्मितीच्या वेळी आत राहिलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांमुळे अंतर्गत शॉर्टसर्किट होत असल्याचे निष्पन्न झाले.

या घटनांचा क्रम पाहिला म्हणजे आजच्या बॅटरीत एवढा संशयी पहारेकरी का बसविला आहे, ते ध्यानात येते. प्रचलित लिथियम-आयन घटाला ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करणे धोक्याचे असते. गोठणबिंदूखाली चार्ज केल्यास ऋणाग्रावर लिथियम धातूचा थर साचतो, म्हणजे जो धातू योशिनो यांनी बाहेर काढला तोच मागील दाराने परत येतो. सर्वसाधारणपणे ४५ अंश सेल्सिअसच्या वरही चार्जिंग वर्ज्य मानले जाते. आणि घट फार खोलवर रिकामा झाला, तर ऋणाग्राचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुढे चार्ज करताना ते तांबे नको तेथे साचून आतल्या आत शॉर्टसर्किट घडवू शकते. म्हणूनच घटाचा विद्युत्दाब थोडा उतरलेला असेल तर सर्किट आधी अगदी अल्प प्रवाह देऊन पाहते. फारच उतरलेला असेल तर चार्जिंगच नाकारते. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्महिने बंद कपाटात राहिलेला लॅपटॉप चार्ज होईना, तर त्यामागे हे कारण संभवते. अशी बॅटरी बाहेरून जबरदस्तीने वीज देऊन 'उठविण्याचे' प्रयोग केले जातात. वरील तांब्याचा विचार करता ते टाळलेलेच बरे.

बोलणारी बॅटरी

पहारेकरी बसविल्यावर त्याने यंत्राशी बोलणे ओघानेच आले. १९९५ मध्ये इंटेल व ड्युरासेल या कंपन्यांच्या पुढाकाराने 'स्मार्ट बॅटरी'ची मानके प्रसिद्ध झाली. बॅटरीतील चिपने आपली धारिता, तापमान, चार्जिंगच्या आवर्तनांची संख्या व किती प्रवाह हवा ही मागणी दोन तारांवरून कळवावी, अशी ही व्यवस्था. १९९६ च्या अखेरीस आलेल्या एसीपीआय मानकामुळे ही माहिती संगणकप्रणालीपर्यंत पोहोचू लागली. यानंतर बॅटरी हे केवळ रसायन राहिले नाही. ती स्वतःविषयीचा अहवाल देणारी वस्तू झाली.

अहवाल आणि वस्तुस्थिती यांत अंतर असू शकते, हे इतिहासाच्या अभ्यासकाला सांगावयास नको. पडद्यावर दिसणारा शेकडा आकडा कोणी मोजलेला नसतो. आत गेलेली व बाहेर आलेली वीज आणि घटाचा विद्युत्दाब यांवरून चिपने बांधलेला तो अंदाज असतो, आणि बॅटरी बराच काळ पूर्ण आवर्तनातून गेली नसेल तर तो चुकतो. ४० टक्क्यांवर अचानक बंद पडणारा लॅपटॉप हे याचेच लक्षण. अशा वेळी एकदा पूर्ण भरून, उतरवून पुन्हा भरल्यास चिपचा हिशेब सुधारतो. जुन्या 'स्मृती'च्या उपायाशी या कृतीचे बाह्य साम्य असल्याने गोंधळ अधिकच वाढला. येथे घट सुधारत नाही, फक्त त्याची वही सुधारते.

अहवालाविषयीचा अविश्वास एकदा जाहीर वादापर्यंत गेला. बॅटरीची भरण्याची क्षमता मूळच्या ४० टक्क्यांवर उतरली की विंडोज ७ ती बदलण्याचा सल्ला देत असे. २०१० च्या प्रारंभी अनेक ग्राहकांनी तक्रार केली की, या प्रणालीनेच आमच्या चांगल्या बॅटऱ्या बिघडविल्या. फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टचे स्टीव्हन सिनॉफ्स्की यांनी सविस्तर उत्तर दिले : प्रणाली बॅटरीच्या चिपने दिलेली माहिती केवळ दाखविते, आणि तपासलेल्या बॅटऱ्या खरोखरच झिजलेल्या होत्या. झीज आधीपासून होतीच. ती सांगणारा नवा होता. बातमी आणणाऱ्यावर दोष ठेवण्याची ही प्रवृत्ती समजण्यासारखी आहे, कारण ग्राहकापाशी हायड्रोमीटरसारखे स्वतःचे असे कोणतेही साधन उरले नव्हते.

नकाराची कारणे शोधताना

वरील इतिहास लक्षात घेतला तर तपासणी बॅटरीपासून सुरू न करता बॅटरीपाशी संपवावी, हे उघड होते. प्रथम भिंतीतील सॉकेट, मग ॲडॉप्टर. लॅपटॉपचा ॲडॉप्टर सामान्यतः १९ ते २० व्होल्ट देतो आणि तो देत असल्याचे मल्टिमीटरने पाहता येते. तथापि भार नसताना पूर्ण दाब दाखविणारा ॲडॉप्टर भार पडताच कोसळू शकतो. म्हणून तेवढ्याच क्षमतेचा दुसरा ॲडॉप्टर लावून पाहणे ही अधिक खात्रीची परीक्षा. वायर गुंडाळून ठेवण्याच्या सवयीने ती पिनच्या मानेपाशी आतून तुटते, हा तर नित्याचा दोष.

यापुढचा दोष मात्र नव्या काळाचा आहे. डेलच्या ॲडॉप्टरच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक तिसरा संपर्क असतो. त्यातून ॲडॉप्टरमधील चिप आपली ओळख व क्षमता लॅपटॉपला सांगते. ही बारीक तार तुटली की वीज येत राहते, लॅपटॉप चालतो, पण ॲडॉप्टरची ओळख न पटल्याने बॅटरी चार्ज केली जात नाही. यंत्र सुरू होताना तशी सूचनाही येते; ती न वाचता पुढे जाणाऱ्यांनी किती निर्दोष बॅटऱ्या बदलल्या असतील, याची गणती नाही. यूएसबी-सी जोडणीने हा संवाद सार्वत्रिक केला. २०१५ नंतर लॅपटॉपांत रुळलेल्या या जोडणीत चार्जर व यंत्र आधी विद्युत्दाब व प्रवाह ठरवितात आणि मगच वीज वाहते. वायरही या वाटाघाटीत सहभागी असते : तीन अँपिअरहून अधिक प्रवाहासाठी तिच्यात ओळख सांगणारी चिप असावी लागते. भ्रमणध्वनीचा छोटा चार्जर लावल्यास लॅपटॉप जेमतेम चालेल, पण बॅटरीच्या वाट्याला काही उरणार नाही.

काही नकार मालकाच्या हितासाठी असतात. बॅटरी सतत १०० टक्क्यांवर ठेवल्यास ती लवकर झिजते. म्हणून ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय अनेक उत्पादकांनी दिली आहे. ती सुरू असल्याचे विसरलेला किंवा कधीच न कळलेला वापरकर्ता त्यास बिघाड समजतो. तापमानाची गोष्टही अशीच. चंद्रपूर किंवा नागपूर येथे मे महिन्यात बाहेरचेच तापमान ४५ अंशांना टेकते. तेथे बंद खोलीत, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपने दुपारी चार्जिंग थांबविणे हे त्याच्या बुद्धीचे लक्षण मानावयास हवे. सायंकाळी तो विनातक्रार चार्ज होतो.

यंत्र बंद करून, ॲडॉप्टर काढून, पॉवरचे बटन अर्धा मिनिट दाबून धरणे किंवा संगणकप्रणालीतील बॅटरीची नोंद काढून यंत्र पुन्हा सुरू करणे, हे उपाय प्रथमदर्शनी तोडगे वाटतात. परंतु लॅपटॉपमधील नियंत्रक चिप व बॅटरी यांचा संवाद एखाद्या चुकीच्या स्थितीत अडकला असेल, तर तो नव्याने सुरू होतो, एवढे तथ्य त्यांत आहे. त्यानंतरच बॅटरीचा अहवाल पाहावा. २०१२ मधील विंडोज ८ पासून पॉवरसीएफजी या आज्ञेद्वारे मूळ धारिता व सध्याची पूर्ण धारिता शेजारीशेजारी मिळते. दोन्हींत मोठी तफावत असेल तर बॅटरी खरोखर झिजली आहे. बॅटरी फुगली असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल, तर कोणतीही परीक्षा न करता वापर थांबवावा. तेथे नकार न देणारी बॅटरीच अधिक भयावह.

बंद झाकण

लॅपटॉपच्या पोटातील सर्किटला कायमचा नकार देण्याचाही अधिकार आहे. घटांच्या विद्युत्दाबात धोकादायक तफावत आढळली, तर ते स्वतःच्या स्मृतीत 'कायम निकामी' अशी नोंद करते व काही रचनांत आतील फ्यूजही वितळविते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात घट बदलून देणाऱ्या कारागिराची खरी अडचण येथे आहे. १८ मिलिमीटर व्यासाचे व ६५ मिलिमीटर लांबीचे नवे घट त्याला मिळतात, ते जोडण्याचे कौशल्य त्याच्यापाशी असते. परंतु सर्किटच्या लेखी बॅटरी मेलेलीच राहते. ही नोंद पुसण्यासाठी सांकेतिक शब्द लागतो. २०११ मध्ये सुरक्षा-संशोधक चार्ली मिलर यांनी दाखवून दिले की, अ‍ॅपलच्या बॅटऱ्यांत चिपनिर्मात्याचा मूळ सांकेतिक शब्दच कायम ठेवला गेला होता. त्यामुळे कुलूप उघडता येत होते, आणि कोणाचीही बॅटरी मुद्दाम निकामीही करता येत होती. त्यांच्या प्रयोगांत काही बॅटऱ्या अशा कायमच्या गेल्या. कुलूप असावे की नसावे, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच प्रयोगातून मिळाली.

दरम्यान झाकणच बंद झाले. २००८ मधील मॅकबुक एअर आणि २००९ मधील १७ इंची मॅकबुक प्रो यांत बॅटरी वापरणाऱ्याने काढावयाची नाही, असे ठरले. पुढे बहुतेक उत्पादकांनी पातळ यंत्रांसाठी हाच मार्ग धरला. बॅटरी काढून लॅपटॉप केवळ ॲडॉप्टरवर चालवून पाहणे, ही दोष वेगळा काढण्याची सर्वांत सोपी परीक्षा, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर नसलेल्यास अशक्य झाली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरीविषयक नियमनात सुटसुटीत उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता व बदलता यावी अशी तरतूद आहे, आणि ती १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू करण्याचे त्यात निश्चित केले आहे. भारतात २०२२ च्या बॅटरी अपशिष्ट व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. उत्पादकांकडील दुरुस्तीची माहिती तेथे एकत्र मिळावी, हा त्यामागील हेतू. 'कायम निकामी' ही नोंद कोणी, कोणत्या परीक्षेनंतर पुसावी, याविषयी मात्र तेथील ग्राहकाला आणि लॅमिंग्टन रोडवरील कारागिरालाही उत्पादकाच्याच दाराशी जावे लागते.